खेळातले न्यायालय आणि घरातले न्यायालय



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आपल्यापैकी काही मंडळींना हसू आले असेल. वसंत व्याख्यानमालेत वेदान्त असावा, अर्थकारण असावे, फार तर नाट्यसंगीत असावे. पोरांच्या व्हिडिओ गेमवर कोणी तासभर बोलावे, हे जरा अतीच झाले! आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. परंतु या व्याख्यानमालांची परंपरा ज्यांनी १८७५ साली पुण्यात सुरू केली, ते महादेव गोविंद रानडे पेशाने न्यायाधीश होते. तेव्हा त्यांनी घालून दिलेल्या परंपरेत न्यायालयाच्याच एका खेळाची सुनावणी व्हावी, यात आम्हांस फारसे अनुचित दिसत नाही. आरोप असा आहे की, हा खेळ मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. निकाल आपण द्यावयाचा आहे. आम्ही फक्त दोन्ही बाजू मांडणार आहोत. आणि जाता जाता स्वतःविरुद्धही थोडी साक्ष देणार आहोत.

प्रथम आरोपीची ओळख करून देतो. २००१ साली जपानमधील कॅपकॉम या कंपनीने ‘गेम बॉय ॲडव्हान्स’ नावाच्या, तळहातात मावणाऱ्या यंत्रासाठी एक खेळ काढला. त्याचे लेखक आणि दिग्दर्शक शू ताकुमी. खेळाचे जपानी नाव ‘ग्याकुतेन साईबान’, म्हणजे ऐन वेळी बाजी उलटवणारा खटला. त्याचा नायक एक नवशिका वकील आहे आणि त्याचे आडनाव आहे नारुहोदो. जपानी बोलण्यात ‘नारुहोदो’ म्हणजे आपले ‘अस्सं होय!’ २००५ साली हाच खेळ इंग्रजीत आला, तेव्हा वकिलाचे नाव झाले फिनिक्स राइट, खेळाचे नाव झाले ‘फिनिक्स राइट : एस ॲटर्नी’ आणि जपानी शहराचे झाले लॉस एंजेलिस. पुढे या खेळावरून २००९ साली जपानच्या ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाटकमंडळीने संगीत नाटक केले आणि २०१२ साली ताकाशी मिइके यांनी चित्रपट काढला. आज या मालिकेतले पहिले तीन खेळ एकत्र मिळतात. ते संगणकावर चालतात, मोबाइलवरही चालतात. म्हणजेच ते आपल्या घरात येऊन पोहोचले आहेत.

आता, ‘खेळ’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे बंदुका, मोटारी आणि आदळआपट उभी राहते. येथे तसले काही नाही. या खेळात बोटांना काम थोडे आणि डोळ्यांना फार. पडद्यावर पात्रे येतात, बोलतात आणि त्यांचे बोलणे आपण वाचावयाचे असते. किंबहुना, चित्रे घातलेली एक जाडजूड रहस्यकथा आपण वाचतो आहोत असेच वाटते. अशिलावर खुनाचा आळ आलेला असतो. प्रथम जागेवर जाऊन चौकशी करावयाची, वस्तू व कागद गोळा करावयाचे. मग न्यायालयात साक्षीदार उभा राहतो. त्याची जबानी एकेक वाक्य करून पुढे येते. एखाद्या वाक्यावर त्याला टोकून अधिक खोलात विचारता येते. आणि एखादे वाक्य आपल्याजवळच्या पुराव्याशी जुळत नाही असे दिसले, तर तो पुरावा पुढे करून ‘हरकत आहे!’ असे गर्जावयाचे. पुरावा बरोबर निघाला, तर साक्षीदाराला घाम फुटतो. चुकला, तर न्यायाधीशांचा आपल्यावरील विश्वास एका मात्रेने कमी होतो. असा पाच वेळा चुकला, की अशील दोषी ठरतो आणि खेळ संपतो.

पहिला खटला अगदी सोपा आहे आणि तो सांगितल्याने कोणाचा रसभंग व्हावयाचा नाही. कारण खुनी कोण हे खेळ आरंभीच दाखवून टाकतो. एका तरुणीचा तिच्या घरी खून झाला आहे आणि आळ आहे वकिलाच्या बालमित्रावर. साक्षीदार सांगतो, “मी प्रेत पाहिले तेव्हा दुपारचा एक वाजला होता.” वैद्यकीय अहवाल सांगतो की, मृत्यू त्याच्या बऱ्याच नंतर झाला. एवढी नेमकी वेळ कशी कळली, असे विचारताच साक्षीदार म्हणतो, “घरात टेलिव्हिजन चालू होता, त्यावर ऐकली.” पण त्या वेळी त्या इमारतीतली वीजच गेलेली होती! मग तो म्हणतो, “टेलिव्हिजन नव्हे, घड्याळ होते.” ते घड्याळ दिसायला मुळी घड्याळासारखे नाहीच, ती एक मूर्ती आहे, वेळ बोलून सांगणारी. हातात घेतल्यावाचून तिच्यात घड्याळ आहे हे कळावयाचे नाही. आणि ती चुकीची वेळ का सांगते? तर ती तरुणी नुकतीच परदेशाहून परतली होती आणि घड्याळ पुन्हा लावावयाचे राहून गेले होते. असे एकेक खोटे सोलत गेले की आत खरा गुन्हेगार दिसू लागतो.

बंधुभगिनींनो, बारा-तेरा वर्षांचा मुलगा हे सोडवतो तेव्हा तो काय करीत असतो? तो ओळ न् ओळ वाचतो. आधी वाचलेले ध्यानात ठेवतो. एका माणसाचे म्हणणे आणि एक वस्तू यांना शेजारी शेजारी ठेवून पाहतो. तर्कशास्त्राच्या ग्रंथात ज्याला विसंगती म्हणतात, ती तो हाताने चाचपून पाहतो. आमच्या शाळेत भूमितीचे मास्तर ‘असे मानू, आणि मग काय घडते ते पाहू’ म्हणून जे शिकवीत, तेच येथे आहे. फक्त छडी नाही.

हे झाले आरोपीच्या बाजूने. आता आरोप एकेक करून घेऊ.

पहिला आरोप रक्तपाताचा. या खेळात खून आहेत. एक नव्हे, प्रत्येक प्रकरणात एक. दुसऱ्याच खटल्यात वकिलाची गुरू, मिया नावाची कर्तबगार स्त्री, मारली जाते आणि मुलांना ती प्रिय झालेली असते म्हणून ते लागते. चित्रात रक्तही दिसते; मात्र ते स्थिर चित्र असते आणि मारण्याचे काम खेळणाऱ्याकडे कधीही नसते. हा भेद महत्त्वाचा आहे. खून करण्याचा खेळ निराळा आणि खुनाचा छडा लावण्याचा निराळा. शिवाय आपण मराठी माणसांनी या बाबतीत फार सोवळे होऊ नये. शनिवारवाड्यात १७७३ साली नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘काका, मला वाचवा’ ही आर्त हाक आपण मुलांना किती लहानपणी ऐकवतो! सहा-सात वर्षांच्या पोराला वाड्याची ती जागा बोट दाखवून दाखवतो. ते का चालते? कारण ती कथा तेथे संपत नाही; ती रामशास्त्र्यांपाशी संपते. राज्यकर्त्याच्या तोंडावर ‘या पापाला देहांत प्रायश्चित्त’ असे सांगणारा न्यायाधीश कथेच्या शेवटी उभा असतो, म्हणून तो रक्तपात आपल्याला शिकवण वाटतो. हीच मोजपट्टी येथे लावावयास हवी. रक्त किती, एवढेच पाहू नये. त्या रक्तापाशी कथा थांबते की न्यायापाशी पोहोचते, हे पाहावे.

दुसरा आरोप भुताखेतांचा. मेलेली गुरू आपल्या धाकट्या बहिणीच्या, मायाच्या, अंगात येते आणि वकिलाला सल्ला देते! आमच्या एका मित्राने हे ऐकताच कपाळाला हात लावला. “महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोण्याविरुद्ध कायदा झाला आणि तुम्ही पोरांना अंगात येण्याचे खेळ देता?” असे त्यांनी विचारले. शंका रास्त आहे. पण या खेळात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अंगात आलेली गुरू सल्ला देते, धीर देते. तथापि तिच्या शब्दाने कोणी सुटत नाही. सुटका होते ती कागदाने, वस्तूने आणि विसंगतीने. उलट, पहिल्या खेळाच्या कथेतच असा एक जुना खटला आहे की, जेथे पोलिसांनी गुपचूप मृतात्म्याची साक्ष घेतली आणि त्यापायी अनेकांच्या आयुष्याची धूळधाण झाली. तेव्हा हा दोष आहे, पण तो परीकथेतल्या उडत्या गालिच्याच्या जातीचा आहे. गालिचा उडत नाही हे मुलाला ठाऊक असते. नसेल तर आपण सांगावे.

तिसरा आरोप असा की, यातले न्यायालय खरे नाही. हा आरोप तर पूर्ण सिद्ध होतो. येथील वकील मेजावर हात आपटतात, एकमेकांवर खेकसतात. न्यायाधीश दाढीवाले, प्रेमळ आणि शेवटच्या बोलणाऱ्याचे पटवून घेणारे आहेत. खटला तीन दिवसांत संपलाच पाहिजे असा तेथे नियम आहे! आपल्याकडे तीन दिवसांत पुढची तारीख मिळाली तरी पक्षकार पेढे वाटील. पण नाटकातला राजा खरा राजा नसतो, म्हणून आपण नाटक बंद करीत नाही.

राहता राहिला वयाचा प्रश्न. अमेरिकेत १९९४ पासून खेळांवर वयाचे शिक्के मारणारे मंडळ आहे. जपानमध्ये तसे २००२ साली निघाले आणि युरोपात २००३ साली. या मालिकेतल्या पहिल्या खेळाला अमेरिकेने तेरा वर्षांवरचा शिक्का दिला आणि युरोपात पहिल्या तिन्ही खेळांच्या एकत्रित आवृत्तीला बारा वर्षांवरचा. परंतु २०१३ साली आलेल्या पाचव्या खेळाला अमेरिकेत सतरा वर्षांवरचा शिक्का मिळाला. यावरून पालकांनी एक बोध घ्यावा. मालिकेचे नाव एक असले, तरी घागरीतले पाणी प्रत्येक वेळी निराळे असते. एक खेळ पाहून साऱ्यांना होकार देऊ नये. हे शिक्के उपयोगाचे आहेत आणि ते वाचावेत असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ते रक्त मोजतात, शिव्या मोजतात, दारूचे पेले मोजतात. आरोपीकडे कसे पाहावे याविषयी खेळ मुलाला काय शिकवतो, हे कोणताही शिक्का मोजीत नाही. आणि आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

हे आम्हांस कसे उमगले, ते आता सांगतो. येथे आमची स्वतःची जबानी सुरू होते.

उन्हाळ्याच्या सुटीत आमचा नातू आमच्याकडे आला होता. वय वर्षे बारा. दिवसभर हा खेळ. आम्ही नेहमीप्रमाणे कुरकुरत होतो. एके दिवशी दुधाच्या बिलाचे नऊशे रुपये, जे आमच्या सौभाग्यवतींनी सोमवारी रात्री स्वयंपाकघरात डाळीच्या डब्याखाली ठेवले होते, ते मंगळवारी संध्याकाळी जागेवर नव्हते. रात्री जेवताना हा विषय निघाला आणि सांगावयास लाज वाटते, पण आमच्या तोंडून पहिलेच वाक्य बाहेर पडले ते असे : “उद्या बाईंना विचारायला हवं.” बाई म्हणजे आमच्याकडे भांडी घासावयास येतात त्या. अकरा वर्षे येत आहेत. अकरा वर्षांत त्यांनी आमच्या घरातला चमचा इकडचा तिकडे केलेला नाही. पण स्वयंपाकघरात बाहेरचे माणूस तेवढे एकच जाते आणि आमच्या मनाने तेवढ्यावर निकाल लिहून टाकला.

नातवाने ताटावरून मान वर केली. “आजोबा, पैसे कधी ठेवले?” “सोमवारी रात्री.” “गेले केव्हा?” “मंगळवारी संध्याकाळपर्यंत.” “पण मंगळवारी पाणी आलं नव्हतं. बाई आल्या तेव्हा दार मी उघडलं. पाणी नाही म्हटल्यावर त्या दारातूनच परत गेल्या. आत गेल्याच नाहीत.”

घरात काही क्षण कोणी बोलले नाही. आम्ही पन्नास वर्षे वर्तमानपत्रे वाचली, न्यायाच्या गप्पा मारल्या, आणि गेलेल्या विजेवरून साक्षीदाराचे खोटे पकडणारा तो खेळ खेळून एका बारा वर्षांच्या मुलाने न आलेल्या पाण्यावरून आमचे खोटे पकडले. दुसऱ्या दिवशी बाई आल्या, तेव्हा आम्ही पेपरात तोंड खुपसून बसलो होतो. त्यांना यातले काही ठाऊक नव्हते. आम्हांला होते.

येथेच ही गोष्ट संपली असती, तर आम्ही आज खेळाचे गुणगान करून खाली बसलो असतो. पण ती संपली नाही. बाई सुटताच नातवाचे डोळे चमकले. “मग चोर कोण?” आणि पुढचे दोन दिवस त्याने घर डोक्यावर घेतले. पेपर टाकणारा मुलगा. पंखा दुरुस्त करावयास आलेला मिस्त्री. वरच्या मजल्यावरचा कॉलेजात जाणारा दादा. एकेकाला तो मनाच्या पिंजऱ्यात उभा करू लागला. आम्ही म्हटले, “अरे, पुरावा नाही ना? मग सोड.” तो म्हणाला, “पण कोणीतरी सापडल्याशिवाय केस कशी संपेल?”

बंधुभगिनींनो, त्या एका वाक्यात आम्हांस खेळाचे बळही कळले आणि उणेही कळले. या खेळात अशील निर्दोष आहे हे दाखवून भागत नाही. बहुतेक वेळा खरा गुन्हेगार साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उघडा पाडावा लागतो, तेव्हाच अशील सुटतो. गोष्ट म्हणून हे रंगतदार आहे. न्याय म्हणून हे उलटे आहे. न्यायाचा नियम असा की, गुन्हा सिद्ध करण्याचा भार फिर्याद करणाऱ्यावर असतो. आरोपीने खरा चोर आणून उभा करावा, अशी अपेक्षा आपले कोणतेही न्यायालय करीत नाही. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. चोर सापडला नाही म्हणून निरपराधी माणूस चोर होत नाही. हा अर्धा धडा या खेळाच्या नियमांत नाही.

हा अर्धा धडा राहिला म्हणजे काय होते, हे पाहावयाचे असेल तर हा खेळ ज्या देशात जन्मला त्याच देशातला एक खरा खटला पाहावा. जपानमध्ये फौजदारी खटला उभा राहिला की शंभरांतले नव्व्याण्णवांहून अधिक आरोपी दोषी ठरतात. सरकारी वकील खात्रीचीच प्रकरणे न्यायालयात नेतात, असे याचे एक कारण सांगितले जाते. खेळातही चाळीस वर्षे एकही खटला न हरलेला सरकारी वकील आहे. जपानी वाचकाला ती निव्वळ अतिशयोक्ती वाटत नसावी. तर १९६६ च्या जून महिन्यात शिझुओका प्रांतात मिसोच्या एका कारखान्यातील अधिकाऱ्याच्या घराला आग लागली आणि आत कुटुंबातील चार जण भोसकून मारलेले आढळले. मिसो म्हणजे सोयाबीन आंबवून केलेले, जपानी स्वयंपाकात रोज लागणारे वाटण. त्याच कारखान्यात काम करणारा इवाओ हाकामादा नावाचा एक माजी मुष्टियोद्धा पकडला गेला. तो कामगार होता, बाहेरून आलेला होता, आणि मुष्टियोद्धा म्हणजे दांडगाच असणार! आमच्या बाईंसारखेच हे, निकाल आधी आणि पुरावा मागून. सुमारे वीस दिवसांच्या उलटतपासण्यांनंतर त्याने कबुली दिली आणि न्यायालयात ती मागे घेतली.

गुन्ह्यानंतर वर्षाहून अधिक काळ लोटल्यावर, १९६७ च्या ऑगस्टात, कारखान्यातल्या मिसोच्या टाकीत रक्ताने माखलेले पाच कपडे सापडले. ते आरोपीचे, असे म्हटले गेले. १९६८ साली त्याला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात त्यातली विजार न्यायालयात त्याला घालून पाहावयास दिली, तर ती त्याला वर चढेना. तरीही १९८० साली सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा कायम केली. त्याला शिक्षा देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक, नोरिमिची कुमामोतो, यांनी २००७ साली जाहीर सांगितले की, आपल्याला तो निर्दोष वाटत होता. आता विसंगती पाहा. एक वर्षाहून अधिक काळ मिसोत बुडालेल्या कपड्यांवरचे रक्त लालसर कसे राहील? ते काळपटावयास हवे. बारा वर्षांच्या मुलाला सुचावा असा हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर मिळावयास अर्धे शतक लागले. २०१४ साली हाकामादा तुरुंगातून बाहेर आले आणि २६ सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवले; तो पुरावा बनावट असल्याचेही म्हटले. तेव्हा त्यांचे वय ८८ होते. त्यांच्यासाठी जन्मभर झगडलेल्या त्यांच्या बहीण हिदेको यांचे वय ९१ होते.

आणि आता नातवाच्या प्रश्नाकडे येऊ. मग त्या चौघांना मारले कोणी? ते आजही सिद्ध झालेले नाही. खरा खुनी कोणी पिंजऱ्यात आणून उभा केला नाही. तरीही हाकामादा निर्दोष आहेत. ‘केस’ संपली नाही, पण माणूस सुटला. खऱ्या न्यायाची चव अशीच असते, पुष्कळदा अपुरी. ती अपुरी चव सोसण्याची सवय मुलाला लावणे, हे काम खेळाचे नियम करीत नाहीत. ते आपल्याला केले पाहिजे.

आणि गंमत अशी की, ज्या खेळाच्या नियमांत हा धडा नाही, त्याच खेळाच्या कथेत तो आहे. पहिल्या खेळातल्या चौथ्या खटल्यात नायकाच्या बालपणीचा एक प्रसंग येतो. चौथीचा वर्ग. एजवर्थ नावाच्या एका मुलाचे जेवणाचे पैसे चोरीस गेले आहेत. फिनिक्स त्या दिवशी बरे नसल्यामुळे कवायतीच्या तासाला गेला नव्हता. एवढ्यावरून सारा वर्ग त्याच्यावर खटला भरतो. मुले ओरडतात, बाईसुद्धा त्याला माफी मागावयास सांगतात. तो रडवेला होऊन माफी मागणार, इतक्यात ज्याचे पैसे गेले तोच एजवर्थ उठतो आणि विचारतो, पुरावा कुठे आहे? पुरावा नसेल तर हा निर्दोष आहे. दुसरा एक मित्रही फिनिक्सच्या बाजूने उभा राहतो. खटला तेथेच मोडतो. चोर सापडलेला नसतो. त्या वेळी तो कोणी शोधतही नाही. नुकसान ज्याचे झाले, तोच म्हणतो की माझे पैसे गेले म्हणून याची अब्रू जाऊ नये. फिनिक्स पुढे वकील होतो त्याची मुळे त्या दिवसात आहेत.

आम्ही नातवाला तो प्रसंग पुन्हा उघडावयास लावला. शेजारी बसून वाचला. मग विचारले, “इथे चोर सापडला का रे?” तो म्हणाला, “नाही.” “मग केस संपली कशी?” तो बराच वेळ गप्प बसला. शेवटी म्हणाला, “म्हणजे बाईंचं पण तसंच.” आम्ही म्हटले, “बाईंचं तसंच, आणि पेपरवाल्याचं, मिस्त्रीचं आणि वरच्या दादाचंही.” नऊशे रुपये आजतागायत सापडलेले नाहीत. सापडोत न सापडोत; त्या दिवशी आमच्या घरातल्या न्यायालयाची अब्रू वाचली आणि ती नऊशेत स्वस्तच पडली.

तेव्हा आता निकालाचे. आमचे निवेदन असे आहे. बारा वर्षांच्या आतील मुलांना हा खेळ देऊ नये. रक्तामुळे तर नव्हेच नव्हे, पण एवढे वाचणे आणि ध्यानात ठेवणे त्या वयाला पेलत नाही म्हणून, आणि प्रिय पात्राचा मृत्यू लहान मुलाच्या मनाला एकट्याने सोसत नाही म्हणून. बारा-तेरानंतर खुशाल द्यावा. पहिले तीन खेळ द्यावेत. पुढच्यांचे शिक्के एकेक वाचून ठरवावे. खेळाची भाषा इंग्रजी आहे, मराठीत तो नाही. म्हणून पहिला खटला तरी मुलाबरोबर बसून वाचावा आणि साक्ष, जबानी, हरकत, पुरावा हे आपले शब्द त्याच्या कानांवर घालावेत. प्रत्येक खटला संपला की त्याला एक प्रश्न विचारावा : ‘खरा गुन्हेगार सापडला नसता, तर या माणसाचे तू काय केले असतेस?’ आणि २००२ साली आलेल्या दुसऱ्या खेळाच्या शेवटच्या खटल्यापाशी मुलगा पोहोचला, की हातातले काम सोडून त्याच्याजवळ जाऊन बसावे. तेथे वकिलाचा अशील खरोखरच दोषी निघतो. मग वकिलाने काय करावे? त्या संध्याकाळी घरात जो वाद होईल, तो कोणत्याही नागरिकशास्त्राच्या पुस्तकाहून मोलाचा असेल.

परंतु एक अट आहे आणि ती मुलांसाठी नाही, आपल्यासाठी आहे. ज्या मुलाला आपण हा खेळ देऊ, तो मुलगा उद्या आपल्यावरच हरकत घेईल. वर्गात, वाड्यात, सोसायटीच्या सभेत कोणाचे नाव कुजबुजले जाईल, तेव्हा तो विचारील, ‘पाहिलं कोणी?’ ते ऐकून घेण्याची तयारी असेल, तरच खेळ द्यावा. नाही तर तो कपाटात ठेवलेला बरा.

मघाशी आम्ही नारायणरावांच्या कथेचा दाखला दिला. ती कथा आम्ही नातवाला सांगत होतो. गारद्यांना दिलेल्या कागदावर आनंदीबाईंनी ‘ध’चा ‘मा’ केला, येथवर आलो. त्याने विचारले, “आजोबा, तो कागद आहे का?” निःसंशय म्हणता यावा असा पुरावा त्या कथेमागे नाही. अडीचशे वर्षे आपण एका बाईला त्या एका अक्षरासाठी रोज दोषी ठरवीत आलो आहोत आणि आपल्या म्हणीतही तिला कोंडून ठेवले आहे. आम्ही आयुष्यभर ती कथा सांगितली. हा प्रश्न आम्हांला कधी सुचला नाही.

तो ज्याला सुचतो, त्या मुलाच्या हातात काय द्यावयाचे आणि काय नाही, हे आपण आता ठरवावे. आमची जबानी संपली.